पट्टी पिवळीच राहिली

मित्रांनो, मी ओव्हन आहे खरा, पण माझ्या पोटात आजवर एकही केक फुगलेला नाही. मी ज्वारी वाळवली. पंचवीस वर्षं फक्त ज्वारी!

एका संशोधन केंद्रात, धान्याच्या कणसांनी भरलेल्या लांबट खोलीत, मला खिडकीखाली बसवलं होतं. पत्र्याचं अंग, आत पाच जाळ्या, दारावर एक बटण. शेतातून कापून आणलेली ज्वारीची पानं, ताटं, कणसं कागदी पाकिटांत घालून माझ्यात ठेवत आणि पाणी पार आटलं की त्यांचं वजन करत. कुठल्या वाणाचं धान्य जास्त, कुठल्याचा चारा भरघोस, कुठल्या गोड ताटाच्या रसापासून गाड्यांचं इंधन बनेल, हे सगळं त्या वजनावर ठरे. पाहुणे आले की साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा सगळ्यात प्रामाणिक कर्मचारी. रजा नाही, चहा नाही." मी आणखी तापायचो.

माझं सगळं बघायच्या त्या ताई. प्रयोगशाळेत सगळेच त्यांना ताई म्हणत. त्यांची शिस्त एकच होती. हिरवं पान दाराशी आलं की कुजायच्या आत माझ्या पोटात. हाताला इतकी सवय झाली होती, की डोक्याला विचारायची गरजच पडत नसे.

एका कोरड्या वर्षी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ आला. त्याच्या गोठ्यात सात दुभत्या गाई होत्या आणि एक वासरू. चारा संपत आला होता. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना मात्र उन्हातही कोवळे फुटवे आले होते. अशा फुटव्यांत कधी कधी जहाल विष असतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो पिशवीभर पानं घेऊन आला होता.

"ताई, बघून सांग. गाई दावणीला हंबरतायत."

"दुपारपर्यंत थांब. तपासायच्या पट्ट्या साहेबांच्या कपाटात आहेत आणि साहेब बैठकीत."

"थांबतो. पण खरं सांग हं. लहानपणी माझा खाऊ खाऊन मांजरावर ढकलायचीस."

"मांजर कबूल करत होतं ना? मग झालं तर!"

दोघं हसली. तो गेला. ताईंनी पिशवी उघडली. पानं मलूल पडू लागली होती. दुपारपर्यंत खराब होतील म्हणून त्यांनी ती पाकिटात घातली, पाकिटावर 'भाऊ' असं लिहिलं आणि माझं दार उघडलं.

मी माझं काम चोख केलं, मित्रांनो. तेच तर दुःख आहे.

ते विष वाफेसारखं असतं. माझ्या उष्णतेनं ते पानांतून निघालं आणि वरच्या झरोक्यातून उडून गेलं. दुपारी ताईंनी वाळलेला चुरा काचेच्या नळीत घातला, थोडं पाणी टाकलं आणि वर पिवळी पट्टी लटकवली. विष असेल तर पट्टी विटेसारखी लाल होते. ताईंनी अर्ध्या तासाऐवजी तासभर वाट पाहिली. पट्टी पिवळीच राहिली. त्यांनी फोन उचलला.

"घाल रे. काही नाही त्यात."

संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी भाऊ दारात उभा राहिला. मुठीत गव्हाणीतले उरलेले फुटवे होते.

"सातही गेल्या. चारा खाल्ला आणि घटकाभरात एकेक आडवी झाली. वासरू दूध पीत होतं, तेवढं राहिलं."

ताईंनी ते ओले फुटवे तसेच ठेचले, नळीत घातले, पट्टी लावली. बघता बघता पट्टी लाल झाली. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"मी वाळवली होती रे," त्या म्हणाल्या. "कुजू नयेत म्हणून."

"मग गाईंनाही वाळवून घालायची होती का? तेवढं तरी सांगायचंस." एवढं बोलून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "घरगुती काम होतं, ताई. वहीत लिहू नका." ताईंनी वहीत सगळं लिहिलं, खाली स्वतःची सही केली. मग रंगाचा डबा आणून माझ्या दारावर लिहिलं, 'विष तपासायचं पान इथे ठेवू नका. विष उडून जातं, धोका उरतो.'

पुढे आकडे दाखवणारा नवा ओव्हन आला आणि माझी रवानगी बोळात झाली. माझ्या जाळ्यांवर आता ओल्या छत्र्या वाळत घालतात. तापवत मात्र कुणी नाही.

भाऊ तीन वर्षं फिरकला नाही. चौथ्या वर्षी पुन्हा पाऊस रुसला आणि एका सकाळी तो बोळातून आत आला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले फुटवे होते.

"माझे नाहीत," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे काय आता! शेजाऱ्याचे आहेत. आत्ता तपास. माझ्यासमोर."

बोळाकडचं दार उघडंच होतं; ताईंनी त्याच्यासमोर पानं ठेचली. दोघं नळीकडे बघत उभी राहिली, मधे हातभर अंतर ठेवून. पट्टी लाल झाली.

"घालू नको म्हणावं."

"बरं."

"चहा घेतोस?"

"नको. त्याच्या गाई उपाशी आहेत, आधी सांगायला हवं."

तो गेला. ताईंनी नळी धुतली, पुन्हा धुतली, पुन्हा धुतली.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. रोजच्या सवयीनं हात पुढे जाईल, तेव्हा क्षणभर तो धरा आणि समोर काय आलंय ते बघा. माझ्यासारख्या पत्र्याला ते दिसत नाही. तुम्हाला दिसतं.