बद्द वाजणारी पट्टी

बोटीच्या इंजिनाच्या थरथरीने दयारामची बोटं बधिर होत चालली होती. म्हणून त्याच्या लेकीने, किशोरीने, पनवेलच्या कॉलेजात इंजिनाखाली बसवायला खास लोखंडी मिश्रधातूची पट्टी भट्टीत तापवून, हळूहळू निववून तयार केली. ती बापाकडे ठेवून दुसऱ्या दिवशी मोरा बंदराच्या धक्क्यावर आली, तर तो हातोडा घेऊन हसत होता.

"तुजी पट्टी बद्द वाजत व्हती, पोरी. ठोकून बग कशी खणखणीत केली!"

किशोरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, ती बद्दच वाजायला हवी होती! धातूच्या आतले बारीक चुंबकी कप्पे सरकून हादरा गिळतात. तुझ्या घावांनी ते अडकले!"

"मंग सांगायचं नाय?"

"दोनदा सांगितलं! इंजिन चालू होतं तुझं!"

तिने हातोडा हिसकावला. "पट्टी परत भट्टीत जाईल. तोवर इंजिनाला हात लावलास तर याद राख!"