पाइक मागे वळत नाही

पाइकच्या छातीत गोळी घुसते. पाइक उठतो, शर्टावरचं रक्त बघतो आणि जेवायला जातो.

फाटकाबाहेर फेइजोआंनी, त्या पेरूसारख्या हिरव्या फळांनी, भरलेली बादली. शेजारी आणखी एक. एप्रिलात हेन्डरसनमध्ये कोणी कोणाकडून फेइजोआ घेत नाही, सगळे फक्त द्यायला निघालेले असतात.

सोमवारी सकाळी रुआ आईला मूठमाती देते. दुपारी तीच आई तिला अंडी उकडून देते.

पर्थमध्ये एक खोली रंगवली जातेय. ज्याच्यासाठी रंगवतायत त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.

एक बाई एका पुरुषाच्या डोळ्यांत बघत उभी आहे. तो तिचा कोणी नाही. पगार दोघांनाही मिळतो.

सीझन असाच तयार होतो. कधी शेवट आधी, कधी मधलं पुढं, जागा मिळेल आणि ऊन मिळेल तसं. 'पाइक अँड रुआ' या खाजगी गुप्तहेरांच्या मालिकेचा हा तिसरा सीझन ऑकलंडच्या पश्चिमेला, जुन्या फळगोदामात उभारलेल्या सेटवर चालला होता. पाइक उंच, पांढरट केसांचा. रुआ सावळी, रुंद खांद्यांची. त्या दोघांची कामं करणारे नटनटी नावाजलेले. पण दिवे लावून होईपर्यंत नावाजलेल्या माणसांना कोण उभं करणार? तेवढा वेळ त्यांच्या जागी, त्यांच्याच उंचीचे दोन साधे लोक उभे राहायचे. रुआच्या जागी हुहाना, पूर्वी शाळेची बस चालवणारी. पाइकच्या जागी स्टीपे वेला, ज्याच्या बापाचा द्राक्षमळा विकून तिथं आता एकसारखी घरं उभी होती.

काम एकच. नटांची तालीम नीट बघायची, मग जमिनीवर चिकटवलेल्या खुणेच्या पट्टीवर उभं राहून तेच करायचं. तोच हात, तीच मान, तीच नजर. आणि दिवेवाला वायरेमू 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही.

"नाक खाजतंय," ओठ न हलवता स्टीपे म्हणायचा.

"खाजवू नकोस. वायरेमू ओरडेल."

"मग तू खाजव."

"रुआचा हात खिशात आहे."

"रुआला म्हणावं, जरा माणुसकी दाखव. तीन सीझन झाले ओळखीला."

शिडीवरून वायरेमू ओरडायचाच. "आँटी! हसू नका ना, गालावर सावली पडतेय!"

"हा हसवतोय, त्याला बोल की!"

"त्यांच्या गालावर काय पडतंय कोणाला दिसतंय? नुसत्या सुरकुत्या!"

स्टीपेची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. हुहानाचा नवरा गेला नव्हता, नुसताच निघून गेला होता, ख्राइस्टचर्चला. तीन सीझन ती स्टीपेच्या डोळ्यांत बघत आली होती, कारण रुआ पाइकच्या डोळ्यांत बघायची. स्टीपेच्या डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका होता, तो तिला तोंडपाठ होता. मात्र दिवे लागून झाले, 'नट मंडळी, चला!' अशी हाक आली, की ते डोळे तिचे राहायचे नाहीत. दोघं भिंतीकडेला जाऊन चहा घ्यायचे आणि तेव्हा मात्र त्यांना एकमेकांकडे बघणं जमायचं नाही. तो पावाबद्दल बोलायचा. ती गुडघ्याबद्दल.

मग शेवटच्या भागाची पानं हातात आली. पाइक कचेरी सोडून जातो. कायमचा.

"मेला नाही ना?" स्टीपेनं विचारलं.

"नाही. कोट घेतो आणि जातो."

"म्हणजे पुढच्या सीझनला…"

"नवा माणूस आणतायत. बुटका आहे म्हणे."

स्टीपे हसला. मग म्हणाला, "लेक रोज फोन करते. खोली रंगवतेय माझ्यासाठी. मी म्हणायचो, सीझन आहे गं, इथं माझ्यावाचून अडतं." त्यानं चहा ढवळला. साखर तो घेत नसे. "आता काय सांगू तिला?"

इथं 'राहा' म्हणायला हवं होतं. एवढा एक शब्द. हुहानाला तो येतही होता, घरी कुत्र्याला ती दिवसातून दहादा म्हणायची. पण हातात चहा होता, समोर माणूस होता, आणि जमिनीवर पट्टी नव्हती. "पर्थला उकडतं फार," ती म्हणाली.

तिनं ठरवलं, शेवटच्या दृश्याला बोलायचं. पट्टीवर उभं असताना, ओठ न हलवता. तिथं तिला धीर यायचा.

शेवटचं दृश्य कचेरीतलं. तालमीत नटानं खुंटीवरचा कोट घेतला, दार उघडलं आणि मागे न बघता गेला. रुआ खुर्चीत, हात टेबलावर. मग नट मंडळी चहाला गेली आणि हे दोघं आत आले. हुहाना खुर्चीत बसली. स्टीपे खुंटीपाशी. वायरेमू तिच्या नाकाशी उजेड मोजायचा मीटर धरून वाकला, आणि तिला कळलं की ठरवलेलं सगळं चुकलंय. या दृश्यात पाइक समोर उभा राहतच नाही. त्याची पाठ असते.

स्टीपेनं कोट घेतला. दार उघडलं.

आणि थांबला. वळला. तिच्याकडे बघितलं.

पाइकसारखं नाही. पाइक असा बघत नसे. स्टीपे बघत होता, खांदे पाडून, कोट एखाद्या ओल्या टॉवेलसारखा धरून, आणि बघतच राहिला. त्याला काय विचारायचंय हे गोदामातल्या मांजरालाही कळलं असतं.

हुहाना हलली नाही.

मीटर नाकाशी होता. मीटर नाकाशी असला की हलायचं नसतं. तीन सीझन तिनं मान हलवली नव्हती, पापणी जपून मिटली होती, त्याचाच पगार घेतला होता. आतून ती केव्हाच उठून दारापर्यंत गेली होती. बाहेरून, हात टेबलावर.

"स्टीपेदादा, पाइक वळत नाही," कॅमेरामन म्हणाला.

"चुकलं," स्टीपे म्हणाला.

"थांबा!" पडद्यामागून दिग्दर्शिका केरेन्झा धावत आली. "काय केलंत तुम्ही? परत करा."

त्यानं परत केलं. ती म्हणाली, जरा हळू. त्यानं हळू केलं. ती म्हणाली, कोट छातीशी धरा. त्यानं धरला. दर खेपेला तो हुहानाकडे वळत होता आणि दर खेपेला डोळ्यांत थोडं कमी उरत होतं.

"नट मंडळी, चला!"

नटानं ते फार सुंदर केलं. पहिल्याच टेकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वायरेमूनं शिडीवर डोळे पुसले. भिंतीकडेला स्टीपे आणि हुहाना चहा घेत उभे होते.

"चोरलं तुझं," ती म्हणाली.

"असू दे. तुला कसं वाटलं? मी केलं तेव्हा?"

तिच्या तोंडात तेव्हा पाव होता. पाव गिळायला वेळ लागतो. तेवढ्यात तोच म्हणाला, "तू मात्र छान बसतेस हं. दगडासारखी." आणि हसला, आणि मग कोणीतरी त्याला मिठी मारायला आलं, मग दुसरं कोणी. जाताना त्याच्या गाडीत लोकांनी फेइजोआंच्या चार पिशव्या कोंबल्या. विमानात नेता येत नाहीत, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

नोव्हेंबरच्या एका रविवारी शेवटचा भाग दाखवला. भाग संपायच्या आत हुहानाला बहिणीचा फोन आला. "बघितलंस? कसा बघतो गं मेला! माझा नवरा दुकानात जातानासुद्धा बघत नाही तसा!"

"ठेव फोन. चाललंय अजून."

पडद्यावर पाइक वळून बघत होता. मग रुआ दिसली. रुआ खुर्चीतून उठली. हे तालमीत नव्हतं, पानात नव्हतं, त्या दिवशी भिंतीकडून हुहानाला नटाची पाठ आडवी आली होती. नटी आपणहून उठली होती. टेबलाला धरून, जरा अडखळत.

हुहानानं आवाज बंद केला आणि पर्थला फोन लावला.

"कोण? हुहाना? काय गं, कोणी गेलं का?"

"कोणी नाही. लागला शेवटचा भाग."

"इथं अजून नाही लागला. कसा झाला?"

"ती उठते."

"कोण?"

"रुआ. तो वळतो ना, तेव्हा ती खुर्चीतून उठते."

पलीकडे लांब कुठंतरी पोरांचा दंगा.

"तू नव्हती उठलीस," तो म्हणाला.

"अरे नाकाला मीटर लावला होता त्यानं!"

तो हसला. खूप हसला, खोकला येईपर्यंत. मग हसणं थांबलं.

"आत्ता उभी आहे मी," ती म्हणाली.

"हं."

"दिवाणखान्यात. मधोमध."

मग मागून लेकीची हाक आली. "नातवाला पोहायला न्यायचंय," तो म्हणाला. "गाडी सुरू करून बसलीय ती."

"जा मग."

"हुहाना."

"जा रे."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही नाही. गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि मग फोन आपोआप बंद झाला.

कचेरीतल्या त्या शेवटच्या दृश्याच्या आधी, मेमध्ये, मुरीवायच्या किनाऱ्यावर पाइकचं एकट्याचं दृश्य होतं. हुहानाचं तिथं काही काम नव्हतं. तरी ती गेली होती, आणि वाळूत दिव्यांसाठी उभं असताना स्टीपेनं तिचा हात धरला होता.