फर्नली क्लोजमधलं नऊ नंबर

"अहो, जिना या बाजूला आहे," असं फिलिपा म्हणेपर्यंत आयोनी गिटन्स निम्मा जिना चढून गेलीसुद्धा.

सत्तरीला टेकलेली बाई, दुखरे गुडघे, अंगात चर्चला जायचा निळा कोट. पण चढली अशी की जणू माहेरीच आली होती. वर जाऊन तिनं डावीकडच्या खोलीचं दार उघडलं.

"पलंग इथं होता. तुझ्या आईला बाहेरची बर्चची झाडं बघायची होती. मी म्हटलं, बाई, आधी पोर बघू. झाडं कुठं पळून चालली आहेत?"

फिलिपा बघतच राहिली. महिन्यापूर्वी तिची आई गेली आणि घर विकायला काढलं होतं.

"सिस्टर गिटन्स? आई कायम तुमचं नाव काढायची!"

"काढणारच. पायाळू होतीस तू. सरळ यायचं माहीतच नव्हतं तुला."

मागून धापा टाकत आयोनीची मुलगी योलँड आली. "मम्मी, आपण घर बघायला आलोय, बाळंतपण करायला नाही."

लंडनमधल्या ब्लॅकहीथजवळची ही सपाट छपरांच्या, काचेच्या भिंतींच्या घरांची रांग एकोणीसशे साठच्या सुमाराला उभी राहिली. घरं लहानच, पण पुढची हिरवळ, झाडं, फुलांचे वाफे सगळ्यांचे मिळून. मध्ये कुंपण घालायचं नाही, असा नियमच होता. बार्बाडोसहून आलेली, काळ्या वर्णाची आयोनी तेव्हा या भागातली सुईण होती. सायकलवरून यायची आणि तरण्या बायकांची बाळंतपणं घरच्या घरी करून जायची. तिचा नवरा डार्नली बसवर कंडक्टर होता. एका रविवारी ती त्याला मुद्दाम इथं घेऊन आली. डार्नली हिरवळीवर टोपी हातात धरून किती तरी वेळ उभा राहिला.

"आपलं कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं, काही कळतच नाही गं," तो म्हणाला. "आमच्या गावासारखं."

दुसऱ्या शनिवारी दोघं ठेवणीतले कपडे घालून विक्रीच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसानं बसायला खुर्च्या दिल्या, हवापाण्याच्या गप्पा केल्या आणि सांगितलं, "माफ करा हं, सगळी घरं गेली." बाहेर 'विकणे आहे' ही पाटी मात्र नाताळापर्यंत उभी होती. तोवर आयोनी सायकलला बॅग अडकवून त्या पाटीवरून जा-ये करत राहिली. कारण पोरं काही पाट्या वाचून जन्माला येत नाहीत. डार्नलीनं पुन्हा कधी विषय काढला नाही. कॅटफर्डला त्यांनी एक अंधारं घर घेतलं, मागे विटांच्या भिंतींनी कोंडलेलं अंगण. तिथंच योलँड वाढली, आणि तिथंच दोन वर्षांपूर्वी डार्नली गेला.

नऊ नंबरची जाहिरात दिसली तशी आयोनीनं फोन केला. जाहिरातीत होती ती पूर्ण किंमत तिनं कबूल केली. फिलिपा खूश झाली, फक्त म्हणाली, "आमच्याकडे एक रीत आहे. नवीन माणसानं रविवारी चहाला येऊन सगळ्यांना भेटायचं."

योलँडला ते पटलं नाही. "कशाला जायचं? परत अपमान करून घ्यायला?"

"अपमान त्यांनी केला, मी नाही," आयोनी म्हणाली. "मी का तोंड लपवू?"

रविवारी बर्चखाली टेबलं मांडली होती. दहाबारा माणसं होती, केक होता, आणि बागेच्या मंडळाचे अध्यक्ष लायल होते. उंच, पिकल्या भुवयांचे आणि फार मृदू बोलणारे.

"मिसेस गिटन्स, तुम्ही आलात, आनंद वाटला. पण फिलिपानं सांगितलं नाही वाटतं? हे घर जवळजवळ माझ्या पुतण्याला ठरल्यातच जमा आहे."

आयोनीनं बशी टेबलावर ठेवली. तीच गोष्ट, तोच मऊ आवाज. योलँड तिच्या कानाशी लागली, "मम्मी, चल. उठ."

आयोनी उठली, पण निघाली नाही.

"मिस्टर लायल, त्रेसष्ट साली मला असंच कुणी तरी सांगितलं होतं. तेव्हा मी 'बरं' म्हणून घरी गेले. माझा नवरा बरोबर होता, त्याच्यासमोर मला तमाशा नको होता. आज तो नाही. म्हणून सरळ विचारते." ती फिलिपाकडे वळली. "पोरी, पुतण्याला शब्द दिलायस? दिला असशील तर मी केक खाऊन जाते. नसशील तर सांग, हे घर विकायला आहे का?"

फिलिपाचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी कुणालाही शब्द दिलेला नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "लायलकाकांनी विचारलं होतं, मी बघू म्हटलं होतं. घर विकायला आहे, सिस्टर. आणि तुम्हालाच विकायचं आहे."

लायल चष्मा काढून पुसू लागले. चष्म्याविना त्यांचा चेहरा बघून आयोनीनं डोळे बारीक केले.

"थांबा, थांबा. अकरा नंबर! बायको आत कळा देत होती आणि तुम्ही बोळकांडीत चक्कर येऊन आडवे! तुम्हाला ओलांडून जावं लागलं होतं मला. नंतर साखरपाणी कुणी पाजलं?"

आधी कोपऱ्यातली एक म्हातारी फिसकन हसली, मग सगळी बागच हसली. लायल कानापर्यंत तांबडे झाले. शेवटी त्यांनाही हसू आवरलं नाही.

"तुम्हीच," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "पुतण्याला मी सांगेन. मिसेस गिटन्स, वर्षातून दोन रविवार सगळ्यांनी बागेत काम करायचं असतं."

"दोनच? तरीच वाफ्यात एवढं तण माजलंय."

वसंतात सामान आलं. योलँडनं खोक्यातून कॅटफर्डचे जाड पडदे बाहेर काढले. एका वर्षी कुणी तरी खिडकीवर दगड मारला होता, तेव्हा डार्नलीनं ते आणले होते. मग दिवसाउजेडीसुद्धा ते कधी सरकवले गेले नाहीत.

"कुठं लावू, मम्मी?"

"राहू देत."

सकाळी आयोनीनं खारवलेले मासे परतले, पिठाच्या छोट्या पुऱ्यांसारखे बेक्स तळले, आणि ताट घेऊन ती सबंध काचेच्या भिंतीसमोर बसली. बाहेर ओल्या हिरवळीवरून कुणी कुत्रं फिरवत होतं, कुणी पेपर घेऊन चाललं होतं. जाता जाता एकानं हात केला. आयोनीनं कप जरा वर उचलला आणि घास चावत राहिली, सावकाश, सगळ्यांच्या देखत.