गुडघ्यांवर चालणारी पाल

ग्रीसमधल्या व्होलोस बंदरामागच्या त्या अंगणात मरियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. घाम, मेणबत्त्या आणि खवट तेल यांचा वास. मधोमध काचेची पेटी, पेटीत ठिपक्यांची पिवळी पाल. मातेच्या तसबिरीकडे तोंड करून ती चक्क गुडघ्यांवर सरपटत होती, आणि बाया ओक्साबोक्शी रडत काचेला ओठ लावत होत्या. देवळापर्यंत गुडघ्यांवर जायचा नवस इथे घरोघरी. जनावरच तो फेडतंय म्हटल्यावर शुद्धीवर कोण राहणार?

"बघा, बघा!" बार्बा, म्हणजे काका, पोलिकार्पोस गरजला. जहाजावरून हाकललेला आचारी, आता संत. "मुकं लेकरू! आपल्यासारखा उपास धरतं, आपल्यासाठी गुडघे झिजवतं! आणि ही थरथर? ती त्याची नव्हे! तुमच्या पोरांची दुखणी ओढून घेतंय ते! औषधं इथे टाका, विश्वास घरी न्या!"

पेटीपुढच्या टोपलीत गोळ्यांचा ढीग साचला होता. रक्तदाबाच्या, साखरेच्या. गर्दीत आर्गिरो उभी होती. जनावरांची डॉक्टर ती. पू, जंत, सडके खूर सगळं पाहिलेलं. पण ही टोपली तिला बघवेना. तेवढ्यात तिची धाकटी बहीण एव्दोकिया लेकीला, मिरसिनीला, ओढत पुढे आली आणि तिने पोरीच्या फेफऱ्याच्या गोळ्या टोपलीत टाकल्या.

"अगं, वेड लागलं का तुला? या गोळ्या अचानक तोडल्यास तर पोरगी हाती लागायची नाही!"

"ताई, तू आपली गाढवांना सुया टोच. गेल्या आठवड्यात इथे येऊन गेले, तेव्हापासून हिला एक झटका नाही."

"झटका आला नाही तो गोळ्या चालू होत्या म्हणून!"

"तुला मेलीला कशावरच विश्वास नाही."

आर्गिरोने सरळ पेटीत हात घातला. गर्दी किंचाळली, "पाप लागेल!"

"लागू दे. माझं मी बघते." तिने पालीचा जबडा बोटाने अलगद दाबला. रबरासारखा वाकला. "धडधाकट पाल पोट उचलून चालते. शेपूट जाडजूड असतं, तिची चरबी तिथेच साठते. हिचं बघा, बुटाची नाडी! डोळे खोल गेलेत, बोटांना जुनी कात चिकटलीय. हाडं मऊ पडून पाय वाकलेत, थरथर कॅल्शियम संपल्याची. लहान पोरांना मुडदूस होतो ना, तोच. बार्बा, खायला काय घालतोस?"

"उपासाचंच! काकडी, ऑलिव्ह…"

"ही जात किड्यांवर जगते रे, मुडद्या! तेही कॅल्शियमची पूड लावून द्यावे लागतात."

"मग मरत का नाही?" बार्बा छाती काढून म्हणाला. "वर्षभर हीच आहे!"

एव्दोकियाने फोन काढला. ताईचं तोंड बंद करायला गेल्या आठवड्यातला फोटो तिने पालीशेजारी धरला, आणि तिचाच चेहरा उतरला. फोटोतल्या पालीच्या मानेवर काळा पट्टा होता. हिच्या मानेवर नव्हता.

"बार्बा, ती कुठाय?"

"तिनं… तिनं रूप पालटलं."

एव्दोकियाने तसबिरीमागचा पडदा ओढला. खोक्यात आणखी तीन पाली, तशाच वाकड्या पायांच्या, पेटीत जायचा नंबर लागायची वाट बघत. चौथी सुकून चिपाड झालेली, तिच्या मानेवर पट्टा, आणि पट्ट्यावर मुंग्या.

बार्बा मागच्या दाराने सटकला. चुंबनं घेणाऱ्या बाया डोईच्या रुमालाने ओठ पुसू लागल्या. एव्दोकिया गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी टोपली उपसू लागली. मिरसिनीच्या गोळ्या सापडेपर्यंत ती उठली नाही.

पेटीतली एक आणि खोक्यातल्या तीन, अशा चारही जिवंत पाली आर्गिरोने घरी नेल्या. किती वाचतील, सांगता येत नाही.

बाबांनो, देव मानायचा तर माना, ते तुमचं तुम्ही बघा. पण उपाशी, वाकलेला, थरथरणारा जीव दिसला तर हात जोडू नका. आधी विचारा, याला झालंय काय? आणि मग त्याला औषध द्या.