आईसाठी लिहिलेला कागद

रुग्णालयात तिला सगळे आहारबाई म्हणत. दारावरच्या पाटीवर ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ असं लिहिलेलं होतं, पण पाटी वाचायला वेळ कुणाला असतो? जिन्याखालच्या तिच्या खोलीत एक टेबल, एक वजनकाटा आणि दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक खुर्ची डुगडुगायची. आहारबाई स्वतः त्या खुर्चीवर बसायची आणि पेशंटला धड खुर्ची द्यायची.

कामाची तिची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीपायी लोक वैतागायचे. छापील तक्ता ती कुणाला द्यायची नाही. अर्धा तास प्रश्न विचारायची, रिपोर्ट उलटेपालटे करून बघायची, मग स्वतःच्या हाताने लिहायची. कागदाच्या डोक्यावर नेहमी चार ओळी. माणसाचं नाव, वजन, रक्ताचे आकडे, आणि हा कागद कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते. “दुसऱ्याचा चष्मा लावून रस्ता ओलांडाल का?” ती विचारायची. “मग दुसऱ्याचा कागद बघून जेवू नका.” यासाठी ती सहा वर्षं शिकली होती, परीक्षा देऊन नोंदणी केली होती, आणि तरी शेजारीपाजारी तिला विचारायचे, “म्हणजे तू स्वयंपाक शिकवतेस का?”

त्या सोमवारी किडनीच्या डॉक्टरांनी तिला वॉर्डात बोलावलं. खाटेवर एक शिंपीकाका होते. आदल्या दिवशी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कोसळले होते. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदयाचे ठोके चुकायला लागले होते.

“किडनी आधीच अर्धी कामातून गेलेली,” डॉक्टर म्हणाले. “हे खातात तरी काय, ते जरा काढून घ्या बाई.”

ती स्टूल ओढून बसली. “काका, सकाळी उठल्यापासून काय काय खाता, सांगा बघू.”

“तुम्ही लिहून दिलंय तेच की,” काका म्हणाले.

“मी? आपली तर आज पहिलीच भेट.”

काकूंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “तुमची भेट नाही झाली हो. तुमच्या धाकट्या बहिणीचं व्यायामाचं सेंटर आहे ना, तिथे मिळाला. हा ताईंच्या हातचा आहे म्हणाल्या. रुग्णालयातल्या ताई म्हटल्यावर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवला.”

कागद झेरॉक्स होता आणि अक्षर तिचंच होतं. सकाळी दोन केळी, मग संत्र्याचा रस, दुपारी दोन अंडी, संध्याकाळी दुधात प्रथिनांची पावडर, रात्री बटाट्याचं घट्ट सूप. वरच्या चार ओळी कापून टाकलेल्या होत्या. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘मागेल ते द्या. नाही म्हणू नका.’

हा कागद तिने आईसाठी लिहिला होता. आईची किडनी ठणठणीत होती, रोग दुसराच होता. शेवटच्या दिवसांत आईच्या अंगावर मांस उरलं नव्हतं, घास गिळवत नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी तिने ती शेवटची ओळ लिहिली. लिहिताना तिचा हात कापला होता, आणि ते कापरं अक्षर झेरॉक्समध्येसुद्धा जसंच्या तसं उतरलं होतं.

“ती शेवटची ओळ वाचून फार बरं वाटलं बघा,” काका म्हणाले. “बाकी सगळे नुसतं हे नको, ते नको म्हणतात.”

तिने काकांचा हात हातात घेतला, केळी, रस, बटाट्याचं सूप यांत पोटॅशियम भरपूर, ते आजपासून बंद म्हणून सांगितलं, आणि उठली.

धाकटीचं सेंटर चपलांच्या दुकानावर होतं. चारी भिंतींना आरसे, कोपऱ्यात पावडरच्या डब्यांची उतरंड. भिंतीवर तिचं प्रमाणपत्र होतं, दोन शनिवार-रविवारच्या कोर्सचं, आणि त्याची फ्रेम ताईच्या पदवीच्या फ्रेमपेक्षा दुप्पट मोठी. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ताईला सेंटर उघडलं तेव्हाच कळायला हवं होतं. पण तिने काणाडोळा केला होता. पोरगी लोकांना हातपाय हलवायला शिकवतेय, शिकवू दे, म्हणाली होती.

तिने कागद टेबलावर ठेवला. धाकटीने तो बघितला आणि चक्क हसली.

“अगं, लोकांना किती आवडतो तो! छापलेला नको म्हणतात, ताईंच्या हातचाच हवा. तुझं नाव मी कुठल्या कुठे पोचवलंय, माहितीय?”

“वरच्या चार ओळी कुठे गेल्या?”

“त्यात आईचं नाव होतं ना,” धाकटी म्हणाली. “आईचं नाव असं चार लोकांत कसं वाटायचं? मला नाही बरं वाटलं ते.”

आईचं मरण वाटून टाकलं होतं हिने, आणि नाव तेवढं जपलं होतं.

“एक माणूस मरता मरता वाचलाय,” ताई म्हणाली. “मी तक्रार करणार आहे. रुग्णालयात आणि आमच्या नोंदणी मंडळाकडेही.”

तेव्हा मात्र धाकटी रडायला लागली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी, नाक ओढत. “ताई, नको ना गं. मला काय कळतं त्यातलं? आजपासून बंद. आईची शपथ.” तिने खणातून वही काढून दिली. ज्यांना ज्यांना कागद दिला त्यांची नावं आणि फोन नंबर, साठच्या वर. “घे, सगळ्यांना सांग. मी चुकले म्हणून सांग.”

ताईचं काळीज विरघळलं. हिला तिने वेण्या घालून शाळेत पाठवलं होतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ. तिने धाकटीला जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि तक्रारीचा विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन बसली. पहिल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, “हो हो, नक्की” म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. इतक्या मुकाट्याने लोक ऐकतात याचं तिला नवल वाटलं. तिसरी एक शाळेतली शिक्षिका होती.

“तुमचा फोन येणार हे माहीत होतं,” शिक्षिका मऊ आवाजात म्हणाली. “काल संध्याकाळीच धाकट्या ताईंचा आला होता.”

“काय म्हणाली ती?”

“जाऊ द्या ना. उगाच तुम्हाला त्रास.”

“सांगा तुम्ही.”

“म्हणाल्या, आई गेल्यापासून ताईचं मन थाऱ्यावर नाही. फोन करून घाबरवेल. नुसतं हो हो म्हणा, कागद चालूच ठेवा.” मग शिक्षिकेने स्वतःचा सल्ला जोडला. “तुम्ही थोडी सुट्टी घ्या हो. आई जाणं सोपं नसतं.”

काल आहारबाईच्या याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होती धाकटी. घरी जाऊन डोळेसुद्धा वाळू दिले नाहीत, फोनमधले नंबर काढून बसली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

“तुमच्या घरात किडनीचा त्रास कुणाला आहे का?” तिने कसंबसं विचारलं.

“सासऱ्यांना थोडा. पण हल्ली छान खातात. दोन केळी, रस, सगळं वेळेवर.”

“त्यांना आजच रक्त तपासायला आणा. माझं ऐकू नका, किडनीच्या डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या कुठल्याही नोंदणी असलेल्या आहारतज्ज्ञाला विचारा. पण आजच.”

“बघते,” शिक्षिका म्हणाली. “तुमच्या बहिणीला विचारून कळवते.”

फोन कट झाला. आहारबाई थेट वर गेली आणि किडनीच्या डॉक्टरांच्या टेबलावर वही ठेवली. काय झालं ते तिने न रडता सांगितलं. बहिणीचं झाकायचं म्हणून एक शब्दही गिळला नाही.

“हे फोन तुम्ही करा,” ती म्हणाली. “सुरुवात या तिसऱ्या नंबरापासून.”

“बाई, तुम्हीच करा ना,” डॉक्टर म्हणाले. “लोक माझ्यापेक्षा तुमचं ऐकतात.”

“ऐकायचे,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी फोन उचलला. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि तक्रारीचा अर्ज भरू लागली. नाव लिहिलं, सेंटरचा पत्ता लिहिला. पुढचा रकाना होता, ‘सदर व्यक्तीशी आपलं नातं’. तिथे तिने ‘सख्खी बहीण’ असं लिहिलं, आणि या वेळी तिचा हात कापला नाही.