उंबऱ्याबाहेरचे बूट

एकसष्ट साली लग्न होऊन जर्मनीत, आखनला आले तेव्हा वाटलं होतं, आता युरोप बघायचा. बघतेय कसला, कपाळ माझं! आमचे हे डॉक्टरेटच्या मागे. सकाळी इन्स्टिट्यूटला गेले की अंधार पडल्यावरच उगवायचे, आणि मी दिवसभर खिडकीशी. दाराबाहेर आमच्या दोघांच्या वहाणांशेजारी तिसरा जोड वर्षभरात दिसला नाही. कुणी येत-जात नाही त्याला घर म्हणतात होय?

वरच्या मजल्यावर एक म्हातारा इंग्रज राहायचा. जर्मन बायको वारलेली, मूलबाळ नाही. दारावर पाटी, गॉडबिहिअर. "गोडबोल्यांपैकी असतील," हे चेष्टेनं म्हणाले. एकदा साहेब जिन्यात भेटले तेव्हा मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "आमच्यात आडनावावरून गाव नाहीतर धंदा कळतो. तुमचं काय?"

"पूर्वी आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात शिरताना म्हणायचे म्हणे, गॉड बी हिअर. देव इथं असो. माझा कुणी पूर्वज ते फार म्हणत असावा." मग म्हणाले, "मी कुठं म्हणणार? मला कुणी बोलावत नाही."

"पाडव्याला जेवायला या."

पाडव्याला हे इन्स्टिट्यूटमध्येच. चक्क्याऐवजी तिथल्या क्वार्क नावाच्या दह्याचं श्रीखंड केलं, दोन ताटं मांडली. साहेबांचा पत्ता नाही. तणतणत मी वर गेले, तर साहेब टाय लावून दाराआड उभे.

"बेचाळीस साली मी साताऱ्याकडे होतो, पलटणीत," ते खाली बघत म्हणाले. "माणसं शोधायला घराघरांत शिरलो. एकाही दारात ते म्हटलं नाही. तुझ्या घरात कुठल्या तोंडानं येऊ?"

अंगावर काटा आला. साताऱ्याकडच्या आमच्या घरात असेच बूट देवघरापर्यंत आले होते. दादांना, माझ्या वडिलांना, नेलं. परतले ते बोलेनासे होऊन. तेच बूट की दुसरे, देव जाणे.

मी तडक खाली आले. दोन्ही ताटं झाकून ठेवली. पण एकटीनं राग तरी किती वेळ धरायचा?

पुन्हा वर गेले. "चला. बूट बाहेर काढायचे. आणि दारात ते म्हणायचं."

साहेब पायरीवर बसले. बुटांच्या नाड्या सुटेनात. मी मदतीला वाकले नाही. शेवटी मोज्यांनीच दाराशी उभे राहिले आणि पुटपुटले. मला रडू फुटलं. दादांसाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.

संध्याकाळी हे आले ते बाहेरच थबकले. "कुसुम, कुणाचे गं हे बूट?"

"आपल्याकडे पाहुणे आलेत," मी म्हटलं.