पारूचं वारूळ

मनोरच्या बाजारात पारूनं अळंबीची टोपली खाली ठेवली की ती संपलीच म्हणून समजा. ही अळंबी ती कुठून आणते, हे तिच्या सख्ख्या मुलालाही ठाऊक नव्हतं. अळंबी उगवायची ते डोंगरातलं वारूळ तिला तिच्या सासूनं दाखवलं होतं. गेल्या पावसाळ्यात पारूनं ते आपल्या सुनेला, लाडकीला दाखवलं. "आता तू या घरची झालीस," एवढंच म्हणाली आणि दुखरा गुडघा धरून खाली उतरली.

लाडकी बोईसरला हेतलबेनच्या अळंबीच्या शेडमध्ये कामाला जाई. तिथं तिला कळलं होतं, की वर दिसते ती छत्री म्हणजे नुसतं फळ; खरी बुरशी म्हणजे पेंढ्यात पसरलेले पांढरे तंतू. तंतू ओल्या पेंढ्यात घातले की छत्र्या आल्याच. झालं! अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली ही पोर शिमग्यानंतर एकटीच पहार घेऊन डोंगर चढली. वारुळातले तंतू परसात लावले, की सासूला पुन्हा चढण नको. हेतू चांगला होता, म्हणून तर राग कोणावर काढावा कळत नाही.

वारूळ फोडल्यावर आत स्पंजासारखे गोळे निघाले. त्यांवर साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे कण होते आणि वाळवी सैरावैरा पळत होती. लाडकीनं ती सगळी झटकून टाकली. गोळे घरी आणून ओल्या पेंढ्याच्या पिशव्यांत भरले आणि गोठ्यामागे टांगले.

थोड्याच दिवसांत पांढरे कण दिसेनासे झाले. गोळ्यांतून काळ्या काड्या उगवल्या, जळक्या बोटांसारख्या. लाडकीनं एक पिशवी हेतलबेनला नेऊन दाखवली.

हेतलबेननं कपाळाला हात लावला. "अगं, ही तर वाळवीची शेती. ती पालापाचोळा आणून या बुरशीला पोसते, दुसरी बुरशी वाढू देत नाही, आणि स्वतः यावरच जगते. तू शेतकरीच झटकून टाकलेस."

"मंग परत नेऊन ठेवू?"

"कोणाकडे?"

लाडकी तशीच डोंगरावर गेली. फुटलेल्या वारुळात मुंग्या फिरत होत्या, वाळवी एकही नव्हती. तिनं खड्ड्यावर माती लोटली आणि घरी कोणाला काही सांगितलं नाही.

श्रावणात पारूनं टोपली काढली. मी एकटी जाते, असं लाडकीनं परोपरीनं सांगून पाहिलं, पण म्हातारी गुडघ्याला फडकं बांधून निघालीच. लाडकीही मागोमाग गेली.

वर पोचल्यावर पारू जागीच थिजली. माती खचली होती, आत पावसाचं पाणी साचलं होतं. अळंबीचं नावही नव्हतं.

"कोनी केलं गं? ठावं तर आपल्या दोगींनाच." मग तिनं स्वतःच मान हलवली. "तू नाय करायची. मीच बाजारात कोनाशी तरी बोलले असन. म्हातारपनी तोंड आवरत नाय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तरी लाडकीनं खाल्ल्या असत्या. हे मात्र तिला सोसेना.

"आये, मीच खनलं. तुज्या गुडघ्यापायी."

पारू रिकामी टोपली मांडीवर घेऊन ओल्या मातीतच बसली.

"मंग तुजी सून येल," ती म्हणाली, "तवा तिला काय दाखवशील?"